बाटली दिसली होती, जाळं दिसलं नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: जळगावच्या चौघा मित्रांनी हवा भरायची रबरी बोट आणि पाच अश्वशक्तीचं इंजिन घेतलंय. तापीवरच्या हतनूर धरणाच्या फुगवट्यात, म्हणजे धरणामागं साठलेल्या पाण्यात, संध्याकाळी चांगदेवकडून धरणाच्या बाजूला परतत असताना त्यांच्या इंजिनाचा पंखा मासेमारी जाळ्यात गुंतला. जाळ्याची खूण म्हणजे पाण्याच्या दोन रिकाम्या बाटल्या. बोट अर्धा तास अडकून पडली आणि मागच्या फळीवरून पाणी आत यायला लागलं. शेवटी सुरीनं जाळं कापून ते सुटले. काठावर मासेमारानं नुकसानभरपाई मागितली, तेव्हा वाद झाला. दोष कुणाचा, आणि पुढच्या वेळी काय करायचं, असं त्यांनी विचारलंय.

मी बावीस वर्षं बोटींची इंजिनं दुरुस्त करतोय आणि पूरबचावाच्या मुलांना बोट चालवायला शिकवतोय. तापी, गिरणा, वाघूर या तिन्ही पाण्यांवर माझा वावर आहे. जाळ्यात गुंतलेला पंखा माझ्याकडे दर हिवाळ्यात येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दोषाचं आधी सांगतो, कारण तुमचं मन तिथंच अडकलंय. खूण अपुरी होती, हे खरं. पण ज्या वेळी आणि ज्या दिशेनं तुम्ही येत होतात, त्यात बरी खूणही तुम्हाला दिसली नसती. तापी पूर्वेकडून पश्चिमेला वाहते. चांगदेवला पूर्णा तिला मिळते आणि तिथून खाली हतनूरपर्यंत धरणाचं पाणी पसरलंय. संध्याकाळी चांगदेवहून धरणाकडे येणं म्हणजे मावळत्या सूर्याकडे तोंड करून येणं. पाणी नुसतं चकाकत असतं. दोन लिटरची बाटली दोरीच्या ताणानं निम्मी बुडालेली असते, पाण्यावर राहतात तिची चार बोटं. रबरी बोटीत बसलेल्या माणसाचे डोळे पाण्यापासून मीटरभर उंचीवर. बोट ताशी पंधरा किलोमीटरनं चालली असेल आणि वीस मीटरवर बाटली दिसली, तर हातात पाच सेकंदही उरत नाहीत. तेवढ्यात बाटली कचऱ्याची की जाळ्याची, जाळं डावीकडे की उजवीकडे, हे कुणाला कळणार?

म्हणून तापीवर जाणाऱ्या सगळ्यांना मी एकच गोष्ट बजावतो. बोट अशा ठिकाणी उतरवा, की फिरायचं पाणी तुमच्या पश्चिमेला राहील. सकाळी निघताना सूर्य पाठीशी असतो आणि परत पूर्वेकडे येईपर्यंत तो वर चढलेला असतो. दुपारी चारला निघालात तरी सूर्य अजून उंचावर असतो आणि परतताना तो पुन्हा पाठीशी येतो. तुम्ही नेमकं उलट केलंत. त्याची तुम्हाला कल्पना नव्हती, त्यामुळे त्यात अपराध नाही. पण आता कल्पना आली आहे.

दुसरी गोष्ट वेळेची. मासेमार जाळी टाकतो दिवस कलताना आणि उचलतो पहाटे. अंधारात माशाला जाळं दिसत नाही, म्हणून रात्र हाच त्याचा धंद्याचा वेळ. आणि आपण हौशी लोक पाण्यावर कधी जातो? पक्षी बघायला उजाडताना आणि फोटो काढायला सूर्यास्ताला. म्हणजे जाळी पाण्यात असण्याचा आणि उजेड कमी असण्याचा जो वेळ, तोच आपला. सकाळी आठ-नऊनंतर बहुतेक जाळी काठावर वाळत पडलेली असतात. थंडीत बदकं बघायला जाणाऱ्यांना मी हेच सांगतो, की तासभर उशिरा निघा. साडेनऊलाही बदकं तिथंच असतात.

आता जाळं पाण्यात कसं उभं राहतं ते समजून घ्या, कारण बाकीचं सगळं त्यावरून उलगडतं. आपल्याकडे धरणात जास्त करून तंगूसचं, म्हणजे बारीक नायलॉन धाग्याचं जाळं असतं. वरच्या दोरीला थर्माकोलचे तुकडे, खालच्या दोरीला शिशाच्या गोळ्या किंवा खडे, आणि मध्ये पारदर्शक पडदा. माशाचं डोकं आसातून, म्हणजे जाळ्याच्या भोकातून, आत जातं आणि कल्ले अडकतात. एका जाळ्याला दुसरं जोडत गेलं की शे-दोनशे मीटरची भिंत सहज उभी राहते. बुडीत बाभळीच्या खुंटाला किंवा काठावरच्या खुंटीला एक टोक बांधायचं आणि नाव खोल पाण्याकडे नेत नेत जाळं सोडत जायचं, ही नेहमीची रीत. काही जाळी पृष्ठभागालगत तरंगतात, काही तळाशी बसवलेली असतात. तळाच्या जाळ्याची वर दिसणारी निशाणी म्हणजे फक्त टोकाची बाटली, बाकी सगळं खाली.

या बाटलीची खोड अशी, की ती पाण्याच्या पातळीशी बांधलेली नसते, दोरीच्या लांबीशी बांधलेली असते. पावसाळ्यात हतनूरचे ४१ दरवाजे कमी-जास्त उघडले की पातळी रातोरात बदलते. पाणी चढलं आणि दोरी आखूड पडली, की बाटली पाण्याखाली जाते. वितभर खाली असलेली बाटली तुम्हाला दिसत नाही, पंख्याला मात्र लागते. ओढ जोरात असली तरी हेच होतं, प्रवाह बाटलीला खाली दाबून धरतो. याच्या उलट पाणी उतरलं तर दोरी सैल पडते. आणि इथं दोरी कशाची आहे याला फार महत्त्व आहे. नायलॉन पाण्यापेक्षा जड, सैल पडलं तरी खाली लोंबतं. बाजारात स्वस्त मिळणारी पॉलीप्रॉपिलीनची दोरी पाण्यापेक्षा हलकी. दोन मीटर सैल पडली तर दोन्ही मीटर पाण्यावर वेटोळं करून तरंगत राहते. इंजिनाचा पंखा पाणी पुढून ओढून मागं फेकतो, त्या ओढीबरोबर हे वेटोळं आपसूक आत येतं. तुम्ही बाटलीपासून चार हात लांबून गेलात तरी सापडता ते यामुळे. उन्हाळ्यात आवर्तनाचं पाणी सुटतं, पातळी उतरत जाते, तेव्हा माझ्याकडे येणाऱ्या पंख्यांवर जाळ्यापेक्षा दोरीच जास्त असते.

मग मासेमार नीट खूण का लावत नाही? हा प्रश्न मीही पूर्वी रागानंच विचारायचो. एकदा सारंगखेड्याच्या वरच्या अंगाला एका भोई काकांबरोबर पहाटे जाळं उचलायला गेलो. त्यांच्या बाटल्या मुद्दाम चिखलानं माखलेल्या होत्या. मी म्हटलं, काका, लाल डबा बांधा ना, लांबून दिसेल. ते म्हणाले, "लाल डबा बांधा ते चोरसले बी दिसस, भाऊ." रात्री दुसरंच कुणी येऊन मासे काढून नेतं, कधी मासे आणि जाळं दोन्ही. ते बोलत होते आणि हात चालू होते. दोरी ओढायची, कटला माशाचा कल्ला अंगठ्यानं मागं सारायचा, तंगूस नखानं सोडवायचं, मासा नावेत. बोटांच्या पेरांवर तंगूसनं कापल्याच्या पांढऱ्या रेघाच रेघा. मध्येच पाच-सहा हात जाळं फाटलेलं आलं. ते थांबले, फाटकी कड दोन्ही हातांत धरून बघितली आणि काही न बोलता पुढं ओढायला लागले. ते कुणाच्या तरी बोटीनं फाडलं होतं आणि फाडणारा थांबला नव्हता.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. जाळ्याला चांगली खूण हवीच, पण "मासेमारांवर कारवाई करा" म्हणत बसल्यानं ती येणार नाही. ज्या खुणेनं त्याचं जाळं वाचेल, तीच खूण तो लावेल. तलावाचा ठेका बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, त्या पाण्यावर त्यांची पोटं आहेत. आपण तिथं रविवारचे पाहुणे.

खूण कशी असावी, याचं उत्तर महाग नाही. पाच लिटरचा तेलाचा रिकामा डबा, पांढरा किंवा भगवा, झाकण घट्ट लावलेला. त्यातून बांबू किंवा जुना पीव्हीसी पाइप आरपार घालायचा, खालच्या टोकाला दगड, वरच्या टोकाला पाण्यापासून निदान तीन फूट उंचीवर कापडाचा बावटा. कोकणात समुद्रातल्या जाळ्यांना असे बावटे असतात, लाटांतूनही दिसतात. कापड लाल नको. दिवेलागणीला लाल रंग डोळ्यांना सगळ्यात आधी काळा दिसायला लागतो. झगझगीत पिवळा किंवा भगवा टिकतो. उसाच्या आणि केळीच्या ट्रॉल्यांना मागं चमकणारी पट्टी लावतात, तिचा वितभर तुकडा पाइपाला गुंडाळला तर रात्री बॅटरीच्या उजेडात तो लांबून चमकतो. ती पट्टी स्वतःहून उजेड देत नाही, म्हणून चोराला आपसूक दिसत नाही. काकांच्या शंकेवर हे उत्तर मला बरं वाटलं, आणि त्यांनाही पटलं.

आणखी एक छोटी गोष्ट सगळ्यात जास्त उपयोगी पडते. डब्याच्या खाली दोन-तीन हातांवर दोरीला एक जड नट किंवा भोकाचा दगड बांधायचा. पाणी उतरलं तरी सैल दोरी त्या वजनानं सरळ खाली लोंबते, वर तरंगत नाही. जुना नट फुकट मिळतो. मी गॅरेजमधले नट डब्यात साठवून ठेवतो आणि धरणावर गेलो की वाटतो.

कायद्याचं थोडक्यात. समुद्रावर टक्कर टाळण्याचे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. मासेमारी करणाऱ्या बोटीचं जाळं दीडशे मीटरपेक्षा लांब पसरलं असेल, तर त्या दिशेला रात्री पांढरा दिवा आणि दिवसा टोक वर केलेला शंकू दाखवायचा, असं त्यात आहे. पण तो नियम बोटीला आहे. टाकून घरी गेलेल्या जाळ्याला तो लागू होत नाही. जाळ्यांच्या खुणांसाठी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं २०१८ साली मार्गदर्शक तत्त्वं मान्य केली. जाळं कुठं आहे आणि कुणाचं आहे, दोन्ही ओळखू आलं पाहिजे, हा त्यांचा गाभा. ती ऐच्छिक आहेत. तापी २०१६ च्या कायद्यानं राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक १०० झाली, पण तेवढ्यानं आपल्या फुगवट्यात जाळ्यांना दिवे लागलेले नाहीत. तुमच्या बाजूनं मात्र दोन गोष्टी चोख ठेवा. धरणाच्या पाण्यात बोट घालण्याआधी पाटबंधारे विभागाची परवानगी घ्या, आणि इंजिनाच्या बोटीची नोंदणी करा. वाद झाला तर पहिला प्रश्न हाच येतो.

आता पाणी वाचायला शिका. वाऱ्याबरोबर सरकते ती बाटली कचऱ्याची. वारा असूनही जागची हलत नाही ती बांधलेली. बांधलेली बाटली एका बाजूला कलते, तिची दोरी त्या बाजूला खाली गेलेली असते. एक बाटली दिसली की वेग तिथंच कमी करा आणि दुसरी शोधा, ती बहुतेक काठाच्या किंवा खोल पाण्याच्या रेषेत सापडते. थर्माकोलचे तुकडे ओळीनं असतील तर हलक्या वाऱ्यात तिथं लाटांची बारीक रेघ मोडलेली दिसते. बाटली आणि काठ यांच्यामधून कधीही जाऊ नका. जाळं तिथंच असतं. सगळ्यात बाहेरच्या बाटलीला भरपूर अंतर देऊन खोल पाण्याकडून वळसा घाला. ओलांडणं भागच असेल तर इंजिन बंद, पंखा वर आणि दोन बाटल्यांच्या बरोबर मधून वल्ह्यानं हलकेच सरकत जा. एक माणूस पुढं पालथा पडून पाण्यात बघत राहू दे.

एवढं करूनही अडकाल. अडकलात तर पहिल्या दोन मिनिटांत काय करता यावर सगळं ठरतं. इंजिनाचा आवाज जड झाला किंवा बोट एकदम मागून धरल्यासारखी झाली की त्याच क्षणी इंजिन बंद. उलटा गिअर टाकू नका. सगळे तोच टाकतात आणि त्यानं जाळ्याचा आणखी दहा हात भाग पंख्याभोवती आवळतो. मग किल स्विचची, म्हणजे इंजिन झटक्यात बंद करणाऱ्या बटणाची, दोरी काढून खिशात घाला आणि नंतरच पंख्याला हात लावा.

तुमच्या बोटीत मागून पाणी आलं, त्याचं कारण असं. जाळ्यानं बोट मागच्या बाजूनं धरून ठेवली, आणि वारा व लाटा पाठीमागून. मागची फळी सगळ्यात खाली, वर इंजिनाचं वजन, आणि त्यात तुम्ही चौघेही पंखा बघायला मागं गेलात. अशा वेळी तिघांनी पुढं जाऊन बसायचं. मागं एकच माणूस, आणि तोही गुडघ्यावर. वारा जोरात असेल तर पुढच्या कडीला दोरी बांधून नांगर टाका, म्हणजे पुढची बाजूही धरली जाते. मग इंजिन वर उचलून पंखा हातानं उलटा फिरवत गुंडाळी सोडवा. घाई केली नाही तर निम्म्या वेळा जाळं न कापता निघतं.

पाण्यात उडी मारायची नाही. हे मी तळमळीनं सांगतो. काही वर्षांपूर्वी वाघूरच्या पाण्यावर एक तरुण कयाकमधून उलटला तो थेट जाळ्यावर. अंगात लाइफ जॅकेट होतं, पोहता उत्तम येत होतं. पण पायात पट्ट्यांचे सँडल. बकलात तंगूस अडकलं आणि त्यानं सोडवायला लाथा मारल्या, तसतसं ते पोटऱ्यांवर चढत गेलं. मी रबरी बोट घेऊन पोचलो आणि त्याला खांद्यांना धरून ओढायला लागलो. तो ओरडायला लागला, कारण ओढल्यानं फास घट्ट होत होता. तेवढ्यात ट्रकच्या ट्यूबवर बसून दोघे मासेमार आले. त्यातला थोरला लांबूनच ओरडला, "भाऊ, मशीन बंद कर, हालू नको." त्यांनी माणसाला हातच लावला नाही. दोघांनी दोन बाजूंनी जाळ्याची वरची दोरी उचलून ट्यूबवर घेतली, मग खालून जाळं वर घेत घेत त्याच्या पायांपाशी ढीग केला. ताण गेला आणि पाय वर आले. मग थोरल्यानं दातेरी सुरीनं पोटरीजवळचे आस एकेक करून कापले. मिनिटभराचं काम होतं. त्या दिवशी मला कळलं, की माणूस ओढायचा नसतो, जाळं उचलायचं असतं.

तेव्हापासून मी शिकवतो ते असं. जाळ्यात पडलात तर पाय स्थिर ठेवा, गुडघे पोटाशी घ्या, हात वल्ह्यावर किंवा उलट्या कयाकवर ठेवा. कापायचं तर अंगाजवळचे आस कापा, वरची दोरी कापू नका. त्या दोरीच्या थर्माकोलनंच जाळं तोलून धरलेलं असतं. ती तुटली की तिथला पडदा शिशाच्या वजनानं खाली जाऊ शकतो आणि तुम्हालाही बरोबर नेऊ शकतो. पंखा सोडवतानाही हाच नियम पाळा. आस कापलेलं जाळं शिवता येतं, दोरी तुटलेलं जाळं तळाला जाऊन बेवारस पडू शकतं आणि तिथं महिनोन्‌महिने मासे, कासवं, पाण्यात बुडी मारणारे पक्षी अडकत राहतात. दातेरी सुरी प्रत्येकाच्या जॅकेटला छातीपाशी हवी, पिशवीत नको. गुळगुळीत पात्याखालून तंगूस निसटतं. पायात बिनपट्ट्यांचे, पायाला चिकटून बसणारे बूट. गळ्यात कॅमेऱ्याचा पट्टा नको.

राहिला पैशाचा वाद. त्या मासेमाराला भेटा आणि जाळ्याचं नुकसान पूर्ण द्या. तुम्ही किती आस कापले हे तुम्हाला माहीत आहे, तो घासाघीस करायचा विषय नाही. शक्य तर उजाडताना जा, तो तेव्हा काठावर असतो. जाताना दोन तेलाचे डबे, बावट्याचं कापड आणि मूठभर नट घेऊन जा, आणि पुढच्या वेळी कुठं कुठं जाळी असतील ते विचारा. तो वाळूत काडीनं नकाशा काढून दाखवेल, मला अनेकांनी तसा दाखवलाय. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी एक फोन केलात तर अर्धा धोका काठावरच मिटतो.

आणि एक काम याच आठवड्यात करा. पंखा काढून शाफ्ट, म्हणजे पंखा बसतो तो दांडा, बघा. वरून जाळं निघालं तरी तंगूसचे दोन-चार फेरे पंख्याच्या मागं, ऑईल सीलपाशी (गिअरमधलं ऑईल आत आणि पाणी बाहेर ठेवणाऱ्या रबरी कडीपाशी) राहिलेले असतात. इंजिन चाललं की ते तापून सीलमध्ये रुततात आणि सील कापतात. मग पाणी गिअरमध्ये जातं. खालचा स्क्रू सैल करून थोडं ऑईल बोटावर घ्या. दुधासारखं पांढुरकं आलं तर इंजिन सुरू करू नका. आधी सील बदला, जुनं ऑईल पूर्ण काढून नवं भरा आणि तासभर पिंपात चालवून पुन्हा बघा.